पायींची वहाण आणि वनभूमीचें ऋण

‘पायींची वहाण पायींच बरी’ ही म्हण मराठी घरांत लहानपणापासून कानांवर पडते. वहाणेची पायरी कोणती, हें ती एका वाक्यांत ठरवून टाकते. पण ज्या संस्कृतींत ही म्हण निपजली तिच्यांतच भरतानें रामाच्या पादुका सिंहासनावर ठेवून चौदा वर्षें राज्य चालविलें, आणि आषाढी वारींत संतांच्या पादुकाच पालखींतून पंढरीस जातात. तेव्हां पादत्राणाची योग्यता त्याच्या चामड्यांत नसून, तें ज्या पायांत असतें त्या पायांच्या चालींत असते, असें म्हणावें लागतें. मग पादत्राणें करून विकणाऱ्यालाही हाच न्याय लावतां येईल काय? धंदा दुकानांत आणि दानधर्म घरीं, अशी एक सोयीची वांटणी व्यापारी जगानें फार दिवसांपासून करून ठेविली आहे. ती वांटणी मोडूं पाहणाऱ्या एका अमेरिकन चर्मव्यवसायाचा इतिहास या प्रश्नाच्या विचाराला उपयोगी पडण्यासारखा आहे. त्या व्यवसायाचें नांव टिंबरलँड. या इंग्रजी शब्दाचा अर्थ वनभूमि. हा अर्थ श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा. कारण पुढें एके दिवशीं हेंच नांव त्या व्यवसायाला आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें करणार होतें.

या घराण्याचा मूळ पुरुष नेथन स्वार्ट्झ. तो ज्यू होता. १९१८ सालीं बोस्टन येथें जोड्यांच्या शिवणकामाचा उमेदवार म्हणून त्यानें आपल्या आयुष्याला आरंभ केला. चौतीस वर्षें सुई, दोरा आणि चामडें यांच्या संगतींत काढल्यावर १९५२ सालीं अबिंग्टन शू कंपनी या लहानशा कारखान्याची अर्धी मालकी त्यानें विकत घेतली. तीन वर्षांनीं उरलेली अर्धीही त्याच्या हातीं आली आणि त्याचे मुलगे त्याच्याबरोबर कामाला लागले. दुसऱ्या व्यापाऱ्यांच्या नांवानें विकले जाणारे जोडे करून देणें, हा या कारखान्याचा आरंभींचा उद्योग होता.

१९६५ च्या सुमारास या कारखान्यानें एक नवी युक्ति हातीं घेतली. बुटाचा वरचा भाग आणि तळ हे टाक्यांनीं जोडले म्हणजे प्रत्येक टाक्याचें भोंक ही पाण्याला आंत शिरावयाची वाट होते. तळाचें द्रव्य वितळवून सांच्यांत दाबानें सोडलें आणि तें वरच्या चामड्याशीं एकजीव केलें, तर टाक्यांची गरजच उरत नाहीं. १९६९ मध्यें कारखाना न्यू हॅम्पशायर संस्थानांतील न्यूमार्केट या गांवीं गेला, आणि १९७३ सालीं तेथून गव्हाळ पिवळ्या रंगाचा, पाणी आंत न येऊं देणारा एक दणकट बूट बाहेर पडला. त्या ईशान्य अमेरिकेंतला हिवाळा मोठा कठोर. बर्फाच्या चिखलांत दिवसभर उभें राहून काम करणाऱ्या मजुरांसाठीं तो बूट केलेला होता. त्याचें नांव टिंबरलँड असें ठेवलें. आणि तें नांव इतकें लोकप्रिय झालें, कीं १९७८ मध्यें सगळ्या कंपनीनेंच तें धारण केलें. पुढें शहरांतल्या हौशी तरुणांनींही हा मजुरांचा बूट पायांत चढविला. १९८७ मध्यें कंपनीचे भाग बाजारांत विक्रीस आले.

येथवरची कथा ही कोणत्याही उद्योगी घराण्याची कथा आहे. वेगळा अध्याय सुरू होतो तो १९८९ सालीं, आणि तोही एका क्षुल्लक मागणीनें. बोस्टन शहरांत मायकेल ब्राउन आणि ॲलन खेझी या दोन तरुणांनीं आदल्याच वर्षीं ‘सिटी इयर’ नांवाची एक संस्था काढली होती. निरनिराळ्या वर्णांच्या आणि निरनिराळ्या सांपत्तिक स्थितींतल्या तरुण मुलामुलींनीं आयुष्यांतलें एक वर्ष समाजाला द्यावें. शाळांतून शिकवावें, पडक्या इमारती दुरुस्त कराव्या, उकिरड्यांच्या जागीं बागा कराव्या, असा या संस्थेचा उद्देश. श्रम करावयाचे तर पायांत बळकट बूट हवेत. म्हणून तिनें टिंबरलँडकडे पन्नास जोड मागितले. कंपनीनें ते दिले. जुना किंवा शिल्लक माल धर्मादाय देणें हें व्यापाऱ्याला जड जात नाहीं, आणि गोष्ट तेथेंच संपली असती. परंतु देणगी घेणाऱ्यांनीं देणाऱ्याला स्वस्थ बसूं दिलें नाहीं. ‘बूट दिलेत, आतां ते घालून आमच्याबरोबर कामालाही या,’ अशा अर्थाचें आमंत्रण त्यांनीं कंपनीच्या कारभाऱ्यांना दिलें.

त्या वेळीं कंपनीच्या कारभारांत नेथनचा नातू जेफ्री स्वार्ट्झ पुढें येत होता. आमंत्रण स्वीकारून तो आणि त्याचे सहकारी व्यसनांतून सुटूं पाहणाऱ्या मुलांच्या एका निवासस्थानीं अर्धा दिवस कामाला गेले. तेथें एका मुलानें त्याला त्याच्या कामाविषयीं विचारलें. कंपनीचा कारभार आपण कसा पाहतों, हें जेफ्रीनें मोठमोठ्या शब्दांत सांगितलें आणि उलट त्या मुलाला तोच प्रश्न केला. मुलगा म्हणाला, कीं आपण बरें होण्याचें काम करतों. जेफ्री स्वार्ट्झ यानें ही हकीकत पुढें अनेकदां सांगितली आहे. त्या उत्तरापुढें आपलें उत्तर किती पोकळ होतें, याची त्याला त्या दिवशीं जाणीव झाली. तो स्वतः धर्मनिष्ठ ज्यू होता. हिब्रू भाषेंत दानाला जो शब्द आहे त्याचा मूळ धातु दयावाचक नसून न्यायवाचक आहे. दान देणारा कोणावर उपकार करीत नाहीं, तो केवळ देणें फेडतो, असा त्या शब्दाचा भाव आहे. आपल्याकडील ऋणकल्पनेच्या तो किती जवळ येतो, हें सांगावयास नकोच.

१९९२ सालीं कंपनीनें एक नियम केला. प्रत्येक नोकराला वर्षांतले सोळा तास समाजसेवेसाठीं मिळावेत आणि त्या तासांचा पगार कंपनीनें द्यावा. त्याच दशकांत ही मर्यादा वाढत वाढत चाळीस तासांवर, म्हणजे पुऱ्या एका कामाच्या आठवड्यावर गेली. या योजनेचें महत्त्व असें, कीं तिनें दानाचें माप बदललें. पैसा देणारा मालक असतो. तास देणारा मात्र माल बांधणारा हमाल, हिशेबनीस, शिवणकाम करणारी बाई, यांपैकीं कोणीही असूं शकतो. मालकाच्या औदार्यांत नोकराला वांटेकरी करून घेण्याची ही रीत पुढें इतर कित्येक कंपन्यांनींही उचलली.

परंतु दानाची परीक्षा भरतीच्या वेळीं होत नसते, ओहोटीच्या वेळीं होते. १९९५ सालीं कंपनीला तोटा आला. भाग बाजारांत आल्यापासूनचा तो पहिलाच तोटा. कारखाने बंद करावे लागले, कामगार कमी करावे लागले. पैसा पुरविणाऱ्यांचें म्हणणें सरळ होतें, कीं आधीं हा सेवेचा खर्च बंद करा. खुद्द नोकरांच्या मनांतही प्रश्न उभा राहिला, कीं एका हातानें शेजाऱ्याला घरीं पाठवावें आणि दुसऱ्या हातानें परक्या संस्थेला देणगी द्यावी, हा कोठला न्याय? हा प्रश्न खोटा नव्हता. ज्याची रोजी गेली त्याला त्याचें समाधानकारक उत्तर कोणी देऊं शकत नाहीं. तथापि स्वार्ट्झ यानें सेवेची योजना आणि सिटी इयरचें साहाय्य चालू ठेविलें. समृद्धीच्या वर्षीं दिलेलें दान हें पंक्ति उठल्यावर उरलेलें अन्न वांटण्यासारखें असतें. तोट्याच्या वर्षीं दिलेलें दान हा घासांतला घास असतो. कंपनी सांवरली आणि १९९८ मध्यें जेफ्री स्वार्ट्झ तिचा मुख्य अधिकारी झाला.

माणसांच्या ऋणाचा विचार येथवर झाला. पण जोडा करणाऱ्याच्या डोक्यावर दुसरेंही एक ऋण असतें, आणि तें त्याला सहसा दिसत नाहीं. चामडें येतें तें जनावरापासून. जनावराला चरावयास जमीन लागते, प्यावयास पाणी लागतें, आणि रवंथ करतांना त्याच्या पोटांतून जो वायु बाहेर पडतो तो पृथ्वीची उष्णता वाढविण्यास हातभार लावतो. कातडें कमावण्याच्या कामीं क्रोमियमचे क्षार आणि पुष्कळ पाणी खर्ची पडतें. तें पाणी शुद्ध न करतां सोडलें तर नदी नासते. टिंबरलँडनें आपल्या बुटांचा असा हिशेब मांडावयास घेतला तेव्हां तिला एक अनपेक्षित गोष्ट आढळली. कचेऱ्यांतले दिवे, दुकानें, मालाची वाहतूक यांचा वांटा अगदीं थोडा होता. मुख्य भार चामड्याचा होता. एका जोडामागें निर्माण होणारा कर्बवायु, बुटाच्या प्रकाराप्रमाणें, १० पासून १०० किलोपर्यंत भरला.

यावर चामड्याच्या व्यापाऱ्यांचा युक्तिवाद ऐकण्यासारखा होता. गाय पाळतात ती मांसासाठीं; कातडें हें आयतेंच मिळतें; मग गाईचा दोष कातड्याच्या माथीं कां मारावा? यावर जी तोड निघाली ती हिशेबनिसाला शोभेशी होती. गाईच्या किंमतींत कातड्याचा वांटा सुमारें ७ टक्के. तेव्हां तिच्या दोषांतलाही ७ टक्के वांटा जोड्यानें उचलावा. आपल्या धंद्याचें पाप असें टक्केवारीनें मांडून घेणें हें हास्यास्पद वाटेल. पण जें मोजलें जात नाहीं तें कमीही केलें जात नाहीं, हें व्यवहारांतलें सत्य आहे. खाद्यपदार्थांच्या डब्यावर घटकद्रव्यें छापलेलीं असतात, त्याच धर्तीवर २००६ पासून कंपनीनें जोड्यांच्या खोक्यांवर अशी माहिती छापण्यास सुरुवात केली. त्याच वर्षीं कॅलिफोर्नियांतील तिच्या गुदामावर सूर्यप्रकाशापासून वीज करणारीं पॅनेलें बसलीं, आणि त्या जागेस लागणाऱ्या विजेपैकीं सुमारें ६० टक्के वीज तींवर निघूं लागली. त्यापूर्वीं २००५ मध्यें कातडीं कमावणाऱ्या कारखान्यांची पारख करण्यासाठीं चर्मव्यवसायांतील कांहीं कंपन्यांनीं एक मंडळ स्थापन केलें होतें. त्याच्या स्थापनेंतही टिंबरलँड होती.

झाडें लावण्याचें कामही याच सुमारास सुरू झालें होतें. चीनच्या ताब्यांतील अंतर्मंगोलियांत होर्चिन नांवाचा एक विस्तीर्ण प्रदेश आहे. एके काळीं तें गवताळ रान होतें. अति चराई आणि अति नांगरट यांनीं तेथें वाळू माजली, आणि वसंत ऋतूंत त्या भागांतून उठणारी पिवळी धूळ समुद्र ओलांडून जपानपर्यंत जाऊं लागली. २००१ सालीं कंपनीच्या जपानी शाखेंतल्या नोकरांनीं एका जपानी संस्थेच्या साहाय्यानें तेथें जाऊन रोपें लावण्यास आरंभ केला. पगारी सेवेचे तास येथें कामीं आले. २०१० पर्यंत लावलेल्या झाडांची संख्या दहा लाखांवर गेली. ज्या देशाचें रान त्या देशाच्या माणसांनीं राखावें हें खरें; पण धुळीला सरहद्द माहीत नसते.

आणि मग १ जून २००९ हा दिवस उजाडला. ग्रीनपीस या संस्थेनें ब्राझील देशांतील ॲमेझॉनच्या अरण्याविषयीं एक अहवाल प्रसिद्ध केला. अरण्य तोडून, जाळून तेथें गुरांचीं कुरणें केलीं जात आहेत. त्या गुरांचीं कातडीं मोठमोठ्या मांसव्यापाऱ्यांमार्फत जगभर जातात. आणि प्रसिद्ध कंपन्यांचे जोडे त्यांतूनच होतात, असा त्या अहवालाचा आशय होता. नाइके, आदिदास, क्लार्क्स यांच्याबरोबर टिंबरलँडचेंही नांव त्यांत होतें. त्या सकाळपासून जेफ्री स्वार्ट्झ याच्याकडे रागावलेल्या लोकांचीं ई-मेल पत्रें येऊं लागलीं. त्यांची संख्या पुढें ६५,००० पर्यंत गेली. वनभूमि हें नांव धारण करणाऱ्यानेंच वनाचा घात करावा, हा आरोप लागण्यासारखाच होता.

स्वार्ट्झ प्रथम चिडला. आपण वाळवंटांत झाडें लावतों आणि हे लोक आपल्यालाच बोल लावतात, असें त्याला वाटणें मनुष्यस्वभावाला धरून होतें. परंतु आपलें कातडें नेमकें कोणत्या कुरणांतून येतें, असें त्यानें आपल्या माणसांना विचारलें तेव्हां त्याचें उत्तर कोणापाशींच नव्हतें. जनावर एका कुरणांत जन्मतें, दुसऱ्यांत वाढतें, तिसऱ्याच गांवीं कापलें जातें. आणि कातडें टॅनरींत जाईपर्यंत त्याच्या अंगावर कोणत्याही गांवाचें नांव उरत नाहीं. प्रश्न विचारणारे उद्धट असतील. पण प्रश्न खरा होता, हें त्यानें पुढें उघडपणें कबूल केलें. जो माणूस दानशूर म्हणून नांवाजला गेला आहे, त्याला आपला दोष ऐकून घेणें इतरांपेक्षां अधिक कठीण जातें. त्याचें पुण्यच त्याच्या कानांत बोळे घालतें. स्वार्ट्झ याचें श्रेय असेल तर तें इतकेंच, कीं त्यानें ते बोळे काढले.

कंपनीनें बर्टिन या आपल्या ब्राझीलमधील पुरवठादारापाशीं आग्रह धरला, कीं नव्यानें तोडलेल्या अरण्यांतलीं गुरें घेणार नाहीं असें लिहून द्यावें. जुलै अखेर टिंबरलँडनें आपलें नवें धोरण जाहीर केलें. इतर जोडेवाल्यांचाही दाब आला. आणि ऑक्टोबर २००९ मध्यें जे. बी. एस., बर्टिन, मिनेर्वा आणि मार्फ्रिग या चार मोठ्या मांसव्यापाऱ्यांनीं तसा करार केला. याचा परिणाम किती झाला? ॲमेझॉनच्या ब्राझीलमधील भागांत २००४ सालीं २७,००० चौरस किलोमीटरांहून अधिक अरण्य तुटलें होतें. २०१२ सालीं तो आंकडा ४,६०० च्या आंत आला. या उताराचें मोठें श्रेय तेथील सरकारच्या कडक अंमलबजावणीचें आहे; पण व्यापाऱ्यांच्या करारांचाही त्यांत भाग होता. मात्र पुढें सरकारी अंमल ढिला पडला आणि २०२१ सालीं हाच आंकडा पुन्हां १३,००० वर गेला. ग्राहकाची जागृति राजदंडाची जागा घेऊं शकत नाहीं. ती त्याला जागें ठेवूं शकते, इतकेंच.

दुसरा प्रयोग हैती देशांतला. जानेवारी २०१० मध्यें त्या देशाची राजधानी भूकंपानें उद्ध्वस्त झाली. पण भूकंपापूर्वींच तो देश झाडांवाचून उघडा पडलेला होता. लांकूड जाळून कोळसा करणें हेंच तेथील गरिबांचें इंधन आणि तोच त्यांचा जोडधंदा. टिंबरलँडनें त्याच वर्षीं पांच वर्षांत पन्नास लक्ष झाडें लावण्याचा संकल्प केला. टिमोते जॉर्ज आणि ह्यू लॉक यांनीं उभारलेल्या लहान शेतकऱ्यांच्या संघामार्फत हें काम व्हावयाचें होतें. झाडें फुकट वांटलीं तर तीं वाढत नाहींत, हा सर्व देशांतला अनुभव आहे. म्हणून येथें रीत निराळी ठेविली. शेतकऱ्यांनीं रोपवाटिकेंत श्रम द्यावेत, आणि त्यांच्या मोबदल्यांत चांगलें बीं, अवजारें आणि शेतीचें शिक्षण घ्यावें. एकमेकांच्या शेतांत मिळून राबण्याच्या पद्धतीला हैतींत ‘कॉम्बिट’ म्हणतात. आपल्याकडे जिला इर्जिक म्हणतात तीच ही. या जुन्या पद्धतीवर नवी योजना बसविल्यामुळें ती रुजली. तीन हजारांहून अधिक शेतकरी तींत आले, त्यांचें पीक वाढलें, आणि २०१५ मध्यें पन्नास लक्ष झाडांचा संकल्प पुरा झाला. हैतींत पूर्वीं कापसाचें पीक मोठें होतें आणि तें १९८० च्या दशकांत नामशेष झालें होतें. पुढें याच शेतकऱ्यांकडून तें पुन्हां लावण्याचा उपक्रम कंपनीनें हातीं घेतला. येथें दान आणि व्यापार यांमधली भिंत खरोखर पातळ झालेली दिसते. झाड लावणाऱ्या शेतकऱ्याचा कापूस विकत घेणें ही भीक नव्हे आणि निव्वळ नफेबाजीही नव्हे.

परंतु बाजाराची गति कोणाच्या सद्‌हेतूसाठीं थांबत नाहीं. २०११ मध्यें व्ही. एफ. कॉर्पोरेशन या मोठ्या कंपनीनें टिंबरलँड सुमारें दोन अब्ज डॉलरांना विकत घेतली. तीन पिढ्यांनंतर स्वार्ट्झ घराण्याचा संबंध सुटला. संस्थापकाचा नातू गेल्यावर सेवाधर्म टिकेल काय, अशी शंका अनेकांना आली. सेवेचे तास आणि झाडांचा उपक्रम नव्या मालकांच्या हाताखालींही चालू राहिला. हैतींतला संकल्प पुरा झाला तोही त्यांच्याच कारकीर्दींत. २०१९ सालीं २०२५ पर्यंत पांच कोटी झाडें लावण्याची नवी घोषणाही झाली. यावरून असें दिसतें, कीं चांगली चाल नियमांत उतरली आणि नोकरांच्या अंगवळणीं पडली म्हणजे ती घराण्यापेक्षां अधिक काळ जगूं शकते. मालकाची इच्छा मालकाबरोबर जाते. संस्थेची संवय मागें राहते.

तथापि या इतिहासाचा जमाखर्च मांडतांना खर्चाची बाजू झांकून चालणार नाहीं. लाखों जोड बूट विकणारा व्यवसाय कितीही झाडें लावो, प्रत्येक जोडाबरोबर तो पृथ्वीपासून कांहींतरी घेतोच. दानानें विक्री वाढते, विक्रीनें चामड्याची मागणी वाढते, आणि चामड्याच्या मागणीनें कुरणें वाढतात, असें हें चक्र आहे. झाडांची संख्या जाहिरातींत शोभते. तुटलेल्या अरण्याची संख्या कोणीही खोक्यावर छापीत नाहीं. म्हणून अशा कंपनीचें मोल तिनें किती दिलें यावरून करावयाचें नसून, जें विचारलें जाऊं नये असें तिला वाटत होतें, तें विचारलें गेल्यावर ती कशी वागली, यावरून करावें लागतें. या कसोटीला १९९५ आणि २००९ हीं दोन वर्षें लावलीं, तर टिंबरलँडचा हिशेब अगदीं कोरा नाहीं असें म्हणतां येईल.

शेवटीं ग्राहकाचाही वांटा राहतोच. जे पासष्ट हजार लोक लिहीत बसले ते कोणी राजे नव्हते. पायांत बूट घालणारीं साधीं माणसें होतीं. आपल्या पायांतली वस्तु कोठून आली, एवढेंच त्यांनीं विचारलें, आणि त्या प्रश्नानें ब्राझीलच्या कसाईखान्यापर्यंत जाऊन उत्तर आणलें. वहाण पायींच बरी हें मान्य. पण ती पायांत सरकवितांना क्षणभर खालीं वांकावें लागतें, आणि त्या वेळीं दृष्टि आपोआप जमिनीकडे जाते. ती तशी गेली म्हणजे ज्या जमिनीवर चालावयाचें तिचें ऋणही सहज ध्यानांत येतें.